कलर मोठा की सिक्वेन्स? फिलिपिन्सच्या पुसॉय दोसमधले गणित

तीन पत्ती खेळणाऱ्या कोणालाही विचारले, तर सिक्वेन्स (लागोपाठची पाने) कलरपेक्षा (एकाच रंगाच्या पानांपेक्षा) मोठा, हे उत्तर तत्काळ मिळते. हाच प्रश्न फिलिपिन्समध्ये पुसॉय दोस खेळणाऱ्याला विचारला, तर तो तितक्याच खात्रीने कलर मोठा असे सांगेल. पत्त्यांचे नियम म्हणजे ज्या त्या देशातल्या लोकांनी मनाला येईल तसे ठरवलेले संकेत, असा समज अशा वेळी पक्का होतो आणि तो चुकीचा आहे. दोन्ही क्रमांमागे एकच तत्त्व आहे: जे जुळणे अधिक दुर्मीळ, ते अधिक मोठे. मात्र दुर्मीळ काय, हे किती पानांतून जुळवायचे आहे यावर ठरते, आणि पुसॉय दोसमध्ये हा मुद्दा इतका सुंदर रीतीने समोर येतो की संभाव्यता शिकवायला याहून चांगला खेळ मला सापडलेला नाही.

पुसॉय दोस हा हात रिकामा करण्याचा खेळ आहे. आपल्याकडे बदाम सातमध्ये ज्याची पाने आधी संपतात तो जिंकतो, तेच उद्दिष्ट येथे आहे. फरक एवढाच की बदाम सातमध्ये पाने रांगेला लावायची असतात, तर येथे समोरच्याने टाकलेल्या पानांवर त्याच संख्येची, पण वरचढ पाने टाकायची असतात. चीनमध्ये, हाँगकाँगमध्ये आणि तैवानमध्ये खेळल्या जाणाऱ्या, दुर्रीला सर्वोच्च मानणाऱ्या खेळाचा हा फिलिपिनो भाऊबंद आहे. घरच्या समारंभात आणि गल्लीतल्या टेबलावर तो जसा रंगतो, तसाच तो लामाय म्हणजे मृताच्या घरी रात्र जागवण्याच्या प्रथेतही खेळला जातो; तेथे पैशांवर डाव चालला, तर त्यातला काही वाटा शोकग्रस्त कुटुंबाला देण्याचा रिवाज आहे.

चार खेळाडूंना ५२ पानांचा कॅट प्रत्येकी १३ याप्रमाणे पूर्ण वाटला जातो. पानांचा चढता क्रम तिर्रीपासून सुरू होतो, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का असा वर जातो आणि दुर्रीवर संपतो. रंगांनाही क्रम आहे: सर्वांत खाली किलवर, मग इस्पिक, मग बदाम आणि सर्वांत वर चौकट. त्यामुळे ५२ पानांपैकी कोणतीही दोन पाने समान नसतात. किलवर तिर्री सर्वांत लहान आणि चौकट दुर्री सर्वांत मोठी ठरते. ज्याच्या हातात किलवर तिर्री आली असेल त्याने पहिली उतारी करायची, आणि त्या उतारीत ती तिर्री असलीच पाहिजे. एक पान, सारख्या पानांची जोडी किंवा पाच पानांचा संच टाकता येतो. पुष्कळ ठिकाणी तीन सारखी पानेही स्वतंत्रपणे चालतात. एकावर एक, जोडीवर जोडी आणि पाचांवर पाच, हा नियम अढळ आहे. वरचढ पाने नसतील किंवा टाकायची नसतील, तर पास म्हणावे. सगळे पास झाले की ज्याची पाने शेवटी वर राहिली, तो हवी तशी नवी उतारी करतो. पास म्हटलेल्याला त्याच फेरीत पुन्हा येऊ द्यायचे की नाही, हे टेबलावर आधी ठरवून घ्यावे, कारण याबाबत ठिकठिकाणी वेगळे संकेत आहेत.

पाच पानांच्या संचांचा चढता क्रम असा आहे: सिक्वेन्स, कलर, फुल हाऊस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी, चारी सारखी आणि सोबत कोणतेही एक पान, आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. हा क्रम पोकर या पाच पानांच्या खेळातून जसाच्या तसा आलेला आहे, आणि येथूनच खरा विषय सुरू होतो.

५२ पानांतून ३ पाने उचलण्याचे २२,१०० प्रकार आहेत. त्यांपैकी शुद्ध (म्हणजे एकाच रंगाचे) नसलेले सिक्वेन्स ७२० आणि केवळ कलर असलेले १,०९६ असतात. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तीन पत्तीत तो मोठा. आता ५ पाने उचला. एकूण प्रकार २५,९८,९६० होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८ निघतात. म्हणजे केवळ दोन पाने वाढवली आणि क्रम उलटला. त्याचे कारण सरळ आहे. कलरसाठी प्रत्येक वाढीव पान त्याच एका रंगाचे असावे लागते, आणि ती अट साधारण चारांतून एकदाच पुरी होते. सिक्वेन्समध्ये मात्र प्रत्येक वाढीव जागेसाठी चारही रंगांची मुभा असते आणि पाने कोणत्याही क्रमाने आली तरी चालतात, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने दुर्मीळ होत नाही.

येथपर्यंत तीन पत्ती आणि पोकर दोन्ही बरोबर ठरतात. पण पुसॉय दोस खेळणाऱ्याला पाच पाने मिळत नाहीत. तेरा मिळतात आणि त्यांतून पाच निवडण्याची मोकळीक असते. प्रश्नच बदलला. आता विचारायचे ते असे, की तेरा पानांच्या हातात कुठेतरी एखादा कलर दडलेला असण्याची शक्यता किती?

तेरा पाने चार रंगांत वाटायची तर कोणत्या तरी एका रंगाची किमान चार पाने येणारच, कारण प्रत्येक रंगाला तीनच दिली तर बाराच संपतात. म्हणजे कलरपासून आपण कधीही एका पानाहून अधिक दूर नसतो. एकाही रंगाची पाच पाने नसण्यासाठी रंगांची विभागणी ४-४-३-२, ४-३-३-३ किंवा ४-४-४-१ यांपैकीच एक असावी लागते. यांतली एक विभागणी मोजून पाहू. ४-३-३-३ मध्ये चार पानांचा रंग कोणता, हे ४ प्रकारे ठरते. त्या रंगाच्या १३ पानांतून ४ निवडण्याचे ७१५ प्रकार आणि उरलेल्या तिन्ही रंगांतून प्रत्येकी ३ निवडण्याचे २८६ प्रकार. या सगळ्यांचा गुणाकार सुमारे ६,६९१ कोटी येतो. तेरा पानांचे एकूण हात सुमारे ६३,५०१ कोटी आहेत, म्हणून या विभागणीचा वाटा १०.५४ टक्के. त्याच रीतीने ४-४-३-२ चा वाटा २१.५५ टक्के आणि ४-४-४-१ चा २.९९ टक्के निघतो. बेरीज सुमारे ३५ टक्के. उरलेल्या ६५ टक्के हातांत किमान एक कलर असतोच. जी गोष्ट पाच पानांत हजारातून दोनदा दिसते, ती तेरा पानांत तीनातून जवळजवळ दोनदा दिसते.

सिक्वेन्सचे गणित अधिक किचकट आहे, पण त्याचा गाभा समजण्याजोगा आहे. तेरा पाने हातात आली म्हणून तेरा वेगवेगळे दर्जे (तिर्री, गुलाम, एक्का असे) येत नाहीत. काहींच्या जोड्या, काहींच्या तिकड्या होतात, आणि सरासरी साधारण नऊच दर्जे हातात असतात. तिर्रीपासून दुर्रीपर्यंत तेरा दर्जांची एक सरळ ओळ धरा. तीत चार जागा रिकाम्या राहिल्या की ओळीचे पाच तुकडे पडतात (काही तुकडे शून्य लांबीचेही असू शकतात), आणि त्या नऊ दर्जांपैकी सलग पाच एकाच तुकड्यात आले तरच सिक्वेन्स बनतो. नऊ दर्जे निवडण्याचे ७१५ प्रकार आहेत. त्यांपैकी ३५० मध्ये असा तुकडा सापडतो आणि ३६५ मध्ये सापडत नाही. जवळजवळ निम्मे. दर्जांची संख्या नवाहून कमी-अधिक असण्याच्या सर्व शक्यता धरून हिशेब पुरा केला, तर किमान एक सिक्वेन्स असण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के येते. काही ठिकाणी एक्का किंवा दुर्री ओळीच्या खालच्या टोकालाही लावू देतात. तसे केल्यास हा आकडा थोडा वाढतो.

फुल हाऊसची शक्यता सुमारे ४८ टक्के आणि चारी सारख्यांची सुमारे ३.४ टक्के आहे. म्हणजे वरच्या पायऱ्या तेरा पानांतही आपापल्या जागी राहतात, पण तळाच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल होते. हातात कलर सापडणे हे सिक्वेन्स सापडण्यापेक्षा सोपे असूनही तो सिक्वेन्सला मारतो. पाच पानांसाठी केलेले गणित तेरा पानांच्या खेळात आले आणि क्रम तसाच राहिला.

यामुळे खेळ सदोष ठरतो असे मला वाटत नाही. उलट त्याची खोली येथूनच येते. हातात बदामाची पंजी, छक्की, अठ्ठी, गुलाम आणि राजा आहेत, शिवाय इस्पिक सत्ती आणि किलवर नव्वी आहे, असे समजा. बदामाची पाचही पाने मिळून कलर होतो; पंजीपासून नव्वीपर्यंत सिक्वेन्सही होतो. दोन्ही एकत्र होत नाहीत, कारण पंजी, छक्की आणि अठ्ठी दोन्हीकडे लागतात. कलर टाकला, तर सत्ती आणि नव्वी अशी दोन दुबळी पाने हातात अडकतात, आणि ती खपवायला दोन वेगळ्या संधी शोधाव्या लागतात. सिक्वेन्स टाकला, तर मागे गुलाम आणि राजा उरतात, जे एकेकटेही चांगले लढतात. उतारी आपली असेल, तर अशा वेळी सिक्वेन्सच टाकावा, असे माझे मत आहे: पाच हलकी पाने एका फटक्यात जातात. त्यावर कोणी कलर टाकेल का? टाकण्याची शक्यता बरीच आहे. तिन्ही प्रतिस्पर्ध्यांसाठी ३५ टक्क्यांचा तीनदा गुणाकार करून नेमके उत्तर काढता येत नाही, कारण चौघांचे हात एकाच कॅटमधले असल्याने एकमेकांशी बांधलेले असतात. पण कोणाकडेच कलर नाही असे क्वचितच घडेल, एवढे निश्चित म्हणता येते. असे असूनही पाच पाने जातात ती जातातच, आणि समोरच्याचा कलर खर्ची पडतो.

दुर्रीचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे. किमान एक दुर्री आपल्याला मिळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. एकेरी पानांच्या फेरीत ती जवळजवळ अजिंक्य, आणि म्हणून नवखे खेळाडू ती हाती येताच टाकतात. ती राखून ठेवावी आणि उतारी परत मिळवायची निकड येईल तेव्हाच वापरावी, कारण या खेळात हात रिकामा होतो तो मुख्यतः आपल्या उतारीवर; दुसऱ्याच्या उतारीमागे धावून नव्हे.

आता थोडे नशिबाबद्दल. लागोपाठ काही डाव हरल्यावर जागा बदलणे, कॅट बदलणे, एखाद्याला पाठीमागून उठून जायला सांगणे, हे प्रकार मनिलात होतात तसे महाराष्ट्रातही होतात. नीट पिसलेल्या कॅटला मागच्या डावाची स्मृती नसते. तुम्ही कोणत्या खुर्चीवर बसला आहात, हेही त्याला कळत नाही. याच्याच दुसऱ्या टोकाला मोबाईलवरच्या खेळांविषयीचे दावे आहेत: हमखास जिंकण्याचे सूत्र विकणारे एकीकडे, आणि संगणक मुद्दाम विचित्र पाने वाटतो अशी तक्रार करणारे दुसरीकडे. सूत्र विकणाऱ्यांवर एक पैसाही घालवू नये. तक्रार करणाऱ्यांची शंका मात्र शास्त्रीय दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ब्रिजच्या स्पर्धांत संगणकाने वाटलेली पाने आली तेव्हाही हीच कुरबूर झाली होती, आणि तिचे कारण संगणकात नसून हाताने अपुरे पिसण्यात होते.

हात रिकामा करण्याच्या खेळात डाव संपतो तेव्हा पानांचा ढीग यादृच्छिक नसतो. कलरची पाच पाने एकत्र पडलेली असतात, जोडीवर जोडी पडलेली असते. हा ढीग थोडासाच पिसून एकेक पान चौघांना वाटले, तर एकत्र पडलेली पाच बदामाची पाने एकाच्या हातात न जाता दोन, एक, एक, एक अशी विखुरतात. अशा वाटपातले हात खऱ्या यादृच्छिक हातांपेक्षा सपाट असतात. वर काढलेले ६५ टक्के त्यांना लागू पडत नाहीत. याउलट वाटणाऱ्याने एका वेळी तीन-चार पाने दिली, तर जुने गठ्ठे तसेच हातात जातात आणि संच नको तितके सहज जुळतात.

कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी पाने फरफर सोडत एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीचे गणित डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये मांडले. मूळ क्रमातली पाने एकदा मिसळली, तर त्या क्रमाच्या जास्तीत जास्त दोन चढत्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात. दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. पाच वेळा मिसळल्यावर ही मर्यादा ३२ असते, तर संपूर्ण उलट्या क्रमाच्या कॅटमध्ये अशा साखळ्या ५२ लागतात. म्हणजे पाच वेळा मिसळून काही मांडण्या मुळात उद्भवूच शकत नाहीत. सहाव्या वेळी ६४ ची मर्यादा येऊन सर्व मांडण्या शक्य होतात, पण त्या अजून समसमान नसतात. साधारण सातव्या वेळी कॅट व्यवहारापुरता यादृच्छिक मानता येतो. आपल्याकडे बहुतेक घरांत हातातल्या हातात थोडी थोडी पाने वर-खाली करून पिसतात. त्या पद्धतीने तीच गुणवत्ता गाठायला हजारो वेळा हात फिरवावा लागेल. म्हणून पुसॉय दोसचा डाव मांडताना कॅट सात वेळा अंगठ्यांनी मिसळावा, आणि ते जमत नसेल तर सगळी पाने पालथी करून जमिनीवर पसरावीत, दोन्ही हातांनी मिनिटभर चांगली घोळावीत, मग गोळा करून एकेक वाटावीत.