प्रार्थनेची खोली ते बास्केटबॉलचे कोर्ट : वायएमसीएची पार्श्वभूमी

वायएमसीए म्हटले की मुंबईकराला बास्केटबॉलचे कोर्ट आठवते, फार तर परवडणारी खोली. 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' हे पूर्ण नाव चटकन तोंडावर येत नाही. गंमत म्हणजे ही संस्था निघाली तेव्हा तिच्यात खेळाचा मागमूसही नव्हता.

जॉर्ज विल्यम्स लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या एका मोठ्या कापड दुकानात नोकर होता. तिथली पोरे दिवसाला बारा-बारा तास राबत आणि दुकानाच्याच वरच्या मजल्यावर दाटीवाटीने झोपत. काम सुटले की गुत्ता नाहीतर जुगार. यावर उपाय म्हणून ६ जून १८४४ रोजी विल्यम्स आणि त्याच्या सोबत्यांनी ही संस्था काढली. काम एवढेच, बायबलवाचन आणि प्रार्थना. विल्यम्स तेव्हा २२ वर्षांचा होता. १८५५ मध्ये पॅरिसला पहिली जागतिक परिषद भरली आणि येशूला तारणारा मानणाऱ्या तरुणांना एकत्र आणणे हे ध्येय लेखी ठरले.

खेळ शिरला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या शाखेने १८६९ मध्ये बांधलेल्या इमारतीत व्यायामशाळा होती. सुरुवातीला ते आमिषच होते असे मला वाटते : पोरगा घाम गाळायला येईल, मग प्रवचनालाही बसेल. संस्थेतला मतदानाचा आणि पदाचा हक्क मात्र त्याच वर्षीच्या ठरावाने इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि व्यक्तिगत श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, चर्चच्या सभासदांपुरताच राखला गेला. पुढे वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे धुरीण ल्यूथर ग्युलिक यांनी आमिषाला तत्त्वाचे रूप दिले. शरीर, मन आणि आत्मा या तीन बाजूंचा उलटा लाल त्रिकोण, हे संस्थेचे चिन्ह, ही त्यांचीच कल्पना.

याच ग्युलिकनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या कॅनडाच्या शिक्षकापुढे एक कटकटीचा वर्ग टाकला. १८९१ चा डिसेंबर, बाहेर बर्फ, आत तीच ती कवायत. मुले वैतागली होती. नेस्मिथने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून दहा फुटांवर ठोकल्या, १३ नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांचे संघ पाडले. टोपल्यांना बूड शाबूत असल्यामुळे चेंडू आत पडला की शिडीवर चढून काढावा लागे. त्या पहिल्या सामन्यात तो त्रास फारसा झाला नसावा, कारण सामना १-० असा संपला. चार वर्षांनी जवळच्याच होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी, बास्केटबॉलची दमछाक न सोसणाऱ्या वयस्क व्यापाऱ्यांसाठी, व्हॉलीबॉल शोधला. दोन जागतिक खेळ, दोन्ही एकाच मिशनच्या व्यायामशाळांतून!

भारतात कलकत्त्याची शाखा १८५७ ची, मुंबईची १८७५ ची. राष्ट्रीय मंडळ १८९१ मध्ये मद्रासला स्थापन झाले. धर्मप्रसाराचा हेतू लपवलेला नव्हताच. पण इथे खरी छाप पाडली ती शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसांनी. वायएमसीएचे अमेरिकन व्यायामशिक्षक हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि व्यायामशिक्षक हा रीतसर प्रशिक्षण घेऊन करायचा पेशा झाला.

याच सुमारास पुण्यात दुसरा धागा विणला जात होता. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांनी शर्यतीला घेतलेल्या वेळा पाहून टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला आणि १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा संघ गेला. पण प्रांतोप्रांती फिरून खेळाडू निवडायचे, स्पर्धा भरवायच्या, तर माणसे हवीत. ती वायएमसीएकडे होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला संघासोबत बक गेले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष झाले दोराबजी टाटा, आणि चिटणीस झाले वायएमसीएचे शारीरिक संचालक डॉ. ए. जी. नोरेन.