च्येऊ बाँग आणि खेळ-तमाशाचे जुने व्हिएतनामी शब्द

च्येऊ बाँग : ‘सिनेमाचा खेळ’ या अर्थाचा जुना व्हिएतनामी शब्द. च्येऊ म्हणजे प्रकाश टाकणे, बाँग म्हणजे सावली. आजचा प्रेक्षक ‘फिम’ पाहायला जातो आणि हा शब्द फ्रेंच राजवटीत आला. ‘सिने’ आणि जाहिरातीच्या भित्तिपत्रकासाठीचा ‘आप फिक’ हेही त्याच काळातले. ‘द्येन आन्ह’, म्हणजे विजेची सावली, हा चिनी वळणाचा भारदस्त शब्द सरकारी कागदांत आणि समीक्षेत चालतो. दक्षिणेत मात्र जुनी माणसे सिनेमाला ‘हात बाँग’ म्हणत. हात म्हणजे गाणे किंवा नाटक करणे (आपल्या हाताशी त्याचा काही संबंध नाही). पडद्यावरचे मूकपटसुद्धा लोकांच्या लेखी सावल्यांचे गाणेच होते. नवी करमणूक आली तेव्हा जुन्या रंगभूमीचाच शब्द तिला चिकटला.

च्येऊ या उच्चाराचा दुसरा, वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ चटई. सूरही तोच, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. उत्तरेकडे, लाल नदीच्या खोऱ्यात, ‘चेओ’ हे गावनाट्य ‘दिन्ह’समोरच्या अंगणात होई. दिन्ह म्हणजे ग्रामदेवतेचे ठाणे आणि चावडी एकाच छपराखाली. अंगणात लव्हाळ्याची चटई अंथरली की रंगमंच तयार. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसत. म्हणून आजही चेओच्या प्रयोगाला ‘च्येऊ चेओ’, चेओची चटई, म्हणतात. पोटभर जेवून आडवा झालेला माणूस चेओचा ढोल ऐकताच पोट सावरत खेळाला निघतो, अशी एक लोकप्रिय लोकोक्ती आहे.

‘हात बोय’ किंवा ‘तुओंग’ हे राजे-सेनापतींचे, रंगवलेल्या चेहऱ्यांचे नाट्य. त्यात ‘त्रोंग चाऊ’ नावाचा ढोल प्रेक्षकांतल्याच एखाद्या जाणकाराकडे असे. चांगले झाले की तो ढोलावर टिपरू हाणी, चुकले की ढोलाच्या लाकडी कडेवर. समीक्षा तिथल्या तिथे, नटाच्या तोंडावर! उत्तरेच्या ‘का त्रू’ गायनात दाद बांबूच्या पट्ट्यांनी दिली जाई. गायिका नंतर त्यांचे पैसे घेत. त्या पट्टीचे नाव त्रू, तेच गायनप्रकाराचे. युनेस्कोने 2009 मध्ये का त्रूची नोंद तातडीने जपण्याच्या वारशांत केली.

नाटक मंडळीला ‘गान्ह हात’ म्हणतात. गान्ह म्हणजे खांद्यावरची कावड. नटी ‘दाओ’, नट ‘केप’, विदूषक ‘हे’. नाट्यगृह आणि चित्रपटगृह दोघांनाही ‘राप’. लग्नाच्या मांडवालाही तोच शब्द. खेड्यात राप नसे. तिथे फिरते पथक ‘बाय’वर, म्हणजे मोकळ्या मैदानावर, कापडी पडदा ताणी. समोर जागा न मिळालेले लोक पडद्याच्या मागे बसून उलटे चित्र पाहत. परदेशी चित्रपट असला की एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद आपल्या आवाजात सांगे. त्याला ‘थुयेत मिन्ह’ म्हणत, आणि ही सवय पुढे दूरचित्रवाणीवरही टिकली.

काही शब्द मूळ जागा सोडून गेले. ‘तुओंग न्यू’ म्हणजे आता नुसते ‘जणू काही’. मंडळीच्या मालकाला ‘बाऊ’ म्हणत. हल्ली हे बिरुद फुटबॉल क्लबांच्या धनाढ्य मालकांच्या नावामागे लागते. आणि फुटबॉल म्हणजे ‘बाँग दा’. त्यातल्या बाँगचा अर्थ सावली नव्हे, चेंडू.