मेम्फिस अंडरग्राउंड (जॅझ अल्बम)

अमेरिकी बासरीवादक हर्बी मॅन (1930–2003) यांचा सोल जॅझ अल्बम, म्हणजे जॅझ आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचे सोल संगीत यांचा मेळ. ध्वनिमुद्रण 1968 साली टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, अमेरिकन साउंड स्टुडिओत झाले. निर्माते टॉम डाउड. ॲटलांटिक कंपनीने तो 1969 मध्ये बाजारात आणला आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम-यादीत तो 20व्या क्रमांकापर्यंत चढला. नुसत्या वाद्यांच्या जॅझ तबकडीला असे यश क्वचितच मिळते.

मॅन मूळचे ब्रुकलिनचे. त्यांची बासरी बांबूची नव्हे, धातूची आणि चाव्यांची. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या आवाजापुढे ती सहज दबते, म्हणून जॅझमध्ये ती फार काळ दुय्यमच राहिली. मॅन यांनी तिला पुढे आणले आणि तिच्यासाठी सतत नवे ठेके शोधले: आधी क्यूबाचे, मग ब्राझीलच्या बोसा नोव्हा शैलीचे आणि पुढे मेम्फिसचे.

या अल्बमचे खरे बळ ठेक्यात आहे. ड्रमवर जीन क्रिसमन, ऑर्गनवर बॉबी एमन्स, पियानोवर बॉबी वुड, गिटारवर रेजी यंग, बेसवर टॉमी कॉगबिल आणि माइक लीच ही स्टुडिओची रोजची मंडळी, सोल आणि पॉप गाण्यांना साथ करून हात बसलेली. मॅन यांच्याबरोबर आलेले जॅझवाले म्हणजे व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर रॉय एअर्स, गिटारवर लॅरी कॉरिएल आणि सॉनी शॅरॉक. शीर्षक-रचना ऐकताना दोन्हींचा मेळ लगेच कळतो. बेसचा एकच छोटा तुकडा आवर्तनामागून आवर्तने फिरत राहतो, ड्रमर एकही जादा ठोका देत नाही आणि त्यावर बासरी येते ती फुंकरीच्या आवाजासकट. साथीदारांनी हा संयम पाळला नसता, तर वर कुणालाच मोकळे वाजवता आले नसते.

पाचपैकी तीन रचना गाजलेल्या गाण्यांवर आहेत. ‘चेन ऑफ फूल्स’ हे सोल गायिका अरीथा फ्रँकलिन यांचे 1967चे गाणे. मूळ ध्वनिमुद्रणातही बेस कॉगबिल यांचाच होता. इथे ते दहा मिनिटांहून अधिक चालते. ‘न्यू ऑर्लीन्स’ दोनेक मिनिटांत उरकते. ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’मध्ये शॅरॉक यांची गिटार सुरांची चौकट मोडून ओरडते, किंचाळते, खाली ठेका मात्र हलत नाही. या तबकडीतला सर्वांत धाडसी क्षण हाच.

शेवटची रचना ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातले हे गीत. त्याचीच पहिली ओळ उच्चारून मार्टिन ल्यूथर किंग यांनी 3 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये आपले अखेरचे भाषण संपवले होते. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी, त्याच शहरात मॅन यांनी ही धून वाजवली.