हालचाल-नियंत्रित बिलियर्ड्स

हालचाल-नियंत्रित बिलियर्ड्स : हातातला रिमोट मागे ओढून पुढे ढकलला की पडद्यावरच्या टेबलावरील पांढऱ्या चेंडूला टोला बसतो, अशा रीतीने खेळायचे व्हिडिओ गेम. निन्टेन्डो कंपनीचा वी हा घरगुती कन्सोल २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत व डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आला, आणि त्याच्यासोबत हा प्रकार घरोघर पोचला. पुढे वीसाठी पूल, नाइन-बॉल आणि स्नूकर या बिलियर्ड्सच्याच भाऊबंद खेळांचे बरेच गेम निघाले. त्यांतले थोडे बरे होते, पण बहुतेकांनी खेळणाऱ्याची निराशाच केली. टेनिस आणि बोलिंग या कन्सोलवर इतके जमून आले, मग बिलियर्ड्स का जमले नाही, हा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे. खानदेशात तर अधिकच, कारण इथल्या पोरांचे हात लहानपणापासून कॅरमवर तयार झालेले असतात आणि टोल्यातली खोट त्यांना चटकन कळते.

यंत्र : वीचा रिमोट १४८ मिलिमीटर लांबीचा. पूलची स्टिक साधारण १४७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दहापट. रिमोटच्या पोटात प्रवेगमापक असतो. हात किती झटक्याने हलला हे तो तिन्ही दिशांत मोजतो. रिमोटच्या नाकाशी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, इन्फ्रारेड) किरण टिपणारा एक छोटा कॅमेरा बसवलेला आहे. टीव्हीवर किंवा टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण खरे पाहता ती पट्टी काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना, साधारण २० सेंटिमीटर अंतराने, अवरक्त दिवे असतात एवढेच. रिमोटचा कॅमेरा ते दोन ठिपके पाहतो आणि त्यावरून रिमोट पडद्याच्या कोणत्या भागाकडे रोखला आहे ते ठरते. रिमोटात एक बारका स्पीकर आणि थरथरणारी मोटारही असते. टोला बसला की ‘टक’ आवाज येतो आणि मुठीत क्षणभर थरथर होते.

रिमोटसोबत मिळणाऱ्या ‘वी प्ले’ या संचात नऊ छोटे खेळ होते, त्यांतला एक बिलियर्ड्स. त्याचा प्रकार नाइन-बॉल : टेबलावर ज्या चेंडूचा आकडा सर्वांत लहान, त्याला आधी लागायचे. पांढऱ्या चेंडूवर नेमका कुठे टोला मारायचा ते रिमोट रोखून ठरवायचे, मग बटण दाबून धरून रिमोट मागे न्यायचा आणि पुढे ढकलायचा. पुढे आलेल्या बऱ्याच पूल-गेमांनी थोड्याफार फरकाने हीच पद्धत उचलली.

टोला आणि त्याचे गणित : पडद्यावरचे चेंडू चुकत नाहीत, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. सारख्या वजनाच्या दोन चेंडूंची समोरासमोर टक्कर झाली की पहिला थांबतो आणि दुसरा निघतो. फिरकी नसताना तिरपी टक्कर झाली की दोघे एकमेकांशी जवळजवळ काटकोन करून फुटतात. कापडाचे घर्षण, कडेच्या रबराची उसळी, हे सगळे संगणकाला सोपे. या खेळाचे गणित फार जुने आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस यांनी १८३५ मध्येच त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. चेंडूच्या व्यासाच्या सात-दशांश उंचीवर आडवा टोला बसला तर चेंडू घसरत न जाता पहिल्या क्षणापासून लोळत निघतो. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे ही जागा टेबलापासून बरोबर ४० मिलिमीटरवर येते. त्याहून बरेच खाली, मध्याच्याही खाली मारले की चेंडू उलटा फिरत धावतो आणि दुसऱ्याला लागून मागे येतो. हे सारे गेममध्ये बरोबर उतरते.

उतरत नाही तो हात. प्रवेगमापक प्रवेग मोजतो, जागा मोजत नाही. प्रवेगावरून वेग आणि वेगावरून जागा काढता येते, पण प्रत्येक पायरीला बारीकशी चूक शिरते आणि ती साचत जाते. एक-दोन सेकंदांत हिशेब भरकटतो. त्यातच गुरुत्वाकर्षणही त्याच मापात मिसळलेले असते, त्यामुळे रिमोट जरा कलला की यंत्राला तो पुढे सरकल्यासारखा वाटू शकतो. टेनिसमध्ये हे खपून जाते. तिथे हात मोठा फिरतो, झटका मोठा असतो, आणि चेंडू कधी मारला एवढे कळले तरी काम भागते. बिलियर्ड्सचे सगळे कसब मात्र सावकाश, सरळ आणि हलक्या टोल्यात आहे. पांढरा चेंडू वीतभर पुढे नेऊन थांबवायचा तेव्हा हाताचा प्रवेग इतका कमी असतो की तो आणि हाताचा नैसर्गिक कंप यांत यंत्राला फरक करता येत नाही. मग गेम बनवणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरतात : एका मर्यादेखालचा टोला मोजायचाच नाही, किंवा सगळे टोले ठरावीक चार-पाच जोरांत बसवायचे. पहिल्या वाटेने चेंडू जागचा हलत नाही. दुसऱ्या वाटेने तो हवा तिथे कधीच थांबत नाही.

दिशेचे दुखणे वेगळेच. खऱ्या टेबलावर स्टिक वाकडी गेली की टोला वाकडा बसतो. नवख्याची फजिती तीच आणि जाणत्याची कमाईही तीच. बऱ्याच गेमांत दिशा आधीच बटणांनी पक्की करून घेतात, कारण ढकलताना रिमोट पडद्यावरून हटला तर कॅमेऱ्याला ते दोन ठिपके दिसेनासे होतात. म्हणजे हाताला ठरवायचा उरतो तो फक्त जोर, आणि नेमका तोच नीट मोजला जात नाही. माझ्या मते निराशेचे मूळ इथे आहे. गेम आपल्या हातात स्टिक दिल्याचे भासवतो आणि स्टिकचे निम्मे काम स्वतःकडे काढून घेतो.

मग डाव्या हाताचे काय? खऱ्या खेळात डाव्या हाताचा पंजा टेबलावर रोवून त्याचा ब्रिज करतात आणि स्टिक त्यावरून सरकते. खेळाडूची ओळख या ब्रिजवरून पटते. पडद्यासमोर डावा हात नुसता लोंबकळतो. रिमोट अडकवण्यासाठी प्लॅस्टिकच्या काठ्याही बाजारात आल्या होत्या, पण काठी टेकवायला टेबल कुठे होते?

खानदेशात : जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हा कन्सोल दुकानातून क्वचितच आला. ज्या घरी आला तिथे बहुधा अमेरिकेत नोकरीला असलेल्या दादाने किंवा मामाने सुट्टीवर येताना बॅगेतून आणला. तिकडचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, त्यामुळे आधी ट्रान्सफॉर्मर शोधणे आले. तिकडच्या कन्सोलवर इतर प्रदेशांतल्या डिस्क चालत नसत, म्हणून सोबत आल्या तेवढ्याच डिस्कवर वर्षानुवर्षे खेळ चाले. साहजिकच एक डिस्क निराशाजनक निघाली तर तिचे दुःखही वर्षानुवर्षे पुरे.

सुट्टी म्हणजे मे महिना, आणि जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४५ अंश. दुपारी बाहेर पडायचे नाही, कूलर लावून हॉलमध्ये बसायचे. अडचण अशी की अवरक्त किरण उन्हातही भरपूर असतात. टीव्हीजवळच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली की रिमोटचा कॅमेरा तिलाच दिवा समजतो आणि पडद्यावरची खूण उड्या मारू लागते. पडदे ओढून अंधार केला की ती स्थिर होते. ज्योतीचेही असेच. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन मेणबत्त्या लावल्या तर सेन्सर बारशिवायही रिमोट चालतो, कारण त्याला फक्त दोन तेजस्वी ठिपके हवे असतात. धुळ्याच्या देवपुरात आमच्या नानांच्या घरी देवघर टीव्हीच्या शेजारच्याच कोनाड्यात होते. तिन्हीसांजेला काकू समई लावायच्या आणि इकडे खेळातली खूण सरळ कोनाड्याकडे ओढली जायची. हे असे का होते ते आम्हाला दोन दिवस कळले नाही. कळले तेव्हा दिवेलागणीला खेळ थांबवायचा असा नियमच झाला, आणि काकूंना तो फार पसंत पडला.

नाना स्वतः कॅरमचे पक्के खेळाडू. गणपतीत मंडळाच्या मांडवात बल्बखाली रात्री दोनपर्यंत बोर्ड चाले, त्यात ते राणी घेऊनच उठत. त्यांच्या हातात रिमोट दिला. त्यांनी तो बोटांच्या टोकांनी धरला, श्वास रोखला, सावकाश मागे नेला आणि अगदी हलकेच पुढे सारला. चेंडू हललाच नाही. पुन्हा केले, तरी नाही. तिसऱ्यांदा जरा जोर दिला तर पांढरा चेंडू सुसाट निघाला आणि तीन कडांना आपटून थेट पॉकेटात गेला. रिमोट थरथरला. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, “हातले काहीच लागत नही.” (हाताला काहीच जाणवत नाही.) यंत्राच्या दोषाचे याहून नेमके वर्णन मला अजून वाचायला मिळालेले नाही.

कॅरमचा दाखला इथे नुसता सोयीचा म्हणून घेतलेला नाही. कॅरमची सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. बोटाने स्ट्रायकर सोडताना त्याचे वजन नखावर कळते. बोरिक पावडर कमी पडली, दमट हवेत बोर्ड जड झाला, हेही पहिल्याच टोल्यात बोट सांगते. बिलियर्ड्सच्या स्टिकचे टोक चेंडूला सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच वेळ टेकते, पण तेवढ्यात चेंडूचा नकार किंवा होकार लाकडातून मुठीपर्यंत येतो. कातडी टोकाला खडू कमी लागला असेल तर तेही तिथेच कळते. रिमोटच्या मोटारीला एकच थरथर ठाऊक. टोला नीट बसो की निसटो, हाताला मिळणारे उत्तर जवळपास तेच.

खऱ्या टेबलाशी खानदेशाचे नाते अगदीच दूरचे नाही. स्नूकर हा प्रकार १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला असे मानतात (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ते चेंबरलेन वेगळे). त्याच्या पाचच वर्षे आधी, १८७० मध्ये, मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसी करत जाणारा लोहमार्ग जबलपूरला जोडला गेला होता. म्हणजे ज्या गावी हा खेळ जन्मला ते गाव भुसावळहून गाडीच्या एका प्रवासावर आहे. तरीही बिलियर्ड्सचे टेबल आपल्याकडे फार काळ क्लब, जिमखाने आणि साहेबी वस्तीच्या भिंतीआड राहिले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले, १९६४ मध्ये पुन्हा मिळवले, पण खानदेशातल्या शाळकरी पोराला ते टेबल कुठे बघायचे हेच माहीत नव्हते. स्नूकरचे पूर्ण टेबल सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद, खाली पाटीच्या दगडाचे जड तक्ते. सामान्य घरात ते मावणारच नाही. टीव्हीवरच्या या खेळाकडे लोक आशेने वळले ते म्हणूनच. त्या आशेत वावगे काही नव्हते.

पुढील काळ : निन्टेन्डोने २००९ मध्ये ‘मोशन प्लस’ हा जोड काढला. त्यात घूर्णदर्शी (जायरोस्कोप) होता, त्यामुळे रिमोटचे वळणे पूर्वीपेक्षा नीट कळू लागले. सोनी कंपनीचा ‘मूव्ह’ हा तसाच हातात धरायचा रिमोट २०१० मध्ये आला. त्याच्या टोकाला चमकता गोळा होता आणि टीव्हीजवळचा कॅमेरा तो गोळा पाहून हाताची जागाच शोधून काढत असे. बिलियर्ड्सला हे अधिक सोयीचे, आणि सरळ टोला त्यावर खरेच बरा बसतो. हाताला चेंडू लागत नाही ती उणीव मात्र तिथेही कायम राहिली. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेऱ्याने अंगाची हालचालच टिपायचा, त्यात तर हातात धरायलाच काही नव्हते.

दरम्यान मोबाइल आला आणि ‘एट बॉल पूल’ गल्लोगल्ली खेळला जाऊ लागला. त्यात बोटाने काचेवर रेघ धरायची, कडेची पट्टी खाली ओढायची आणि सोडायची. स्टिक दिल्याचा दावा तो करत नाही, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाभंगही होत नाही. एस.टी.त बसल्या बसल्या धुळ्याहून अमळनेर येईपर्यंत चार डाव होतात.

आता आपल्याकडच्या शहरांतही पूल पार्लर दिसतात, तासावर किंवा डावावर पैसे घेणारी. धुळ्यातल्या एका पार्लरमध्ये लहानपणी वीवर भरपूर खेळलेला एक मुलगा मी पाहिला. कोन त्याला सगळे तोंडपाठ. कोणता चेंडू कुठे आपटून कुठे जाईल ते तो बोट दाखवून अचूक सांगत होता. स्टिक हातात आली तेव्हा त्याने ती मागच्या टोकाला मुठीत घट्ट धरली आणि डावा हात खिशात घातला. टेबल सांभाळणाऱ्या पोऱ्याने त्याचा तो हात खिशातून काढला, कापडावर पालथा ठेवला, अंगठा तर्जनीला चिकटवला आणि मधल्या खाचेत स्टिक टेकवली. त्या दिवशी त्या मुलाने तासभर एकही चेंडू पॉकेटात घातला नाही. नुसता पांढरा चेंडू समोरच्या कडेला आपटून परत आपल्याकडे आणत राहिला.