सेंट लुईस, १९०४ : लंगोटीचा वाद आणि साम्राज्याचे प्रदर्शन

फिलिपिन्सच्या उत्तर भागातील डोंगरी इगोरोत लोकांना प्रदर्शनात मांडण्याची कल्पना अमेरिकेची नव्हती. १८८७ मध्ये माद्रिदला स्पेनने, म्हणजे तेव्हाच्या तेथील राज्यकर्त्यांनी, ते आधीच केले होते. पुढे १८९८ च्या स्पेनशी झालेल्या तहाने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे आला, स्वातंत्र्यासाठी झुंजणाऱ्यांशी युद्ध झाले आणि १९०२ मध्ये ते संपल्याचे जाहीर करून दोन वर्षे उलटायच्या आतच अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे जागतिक प्रदर्शन उघडले.

त्यात फिलिपिन्ससाठी ४७ एकर जागा राखून ठेवली होती व अकराशेहून अधिक माणसे समुद्रापलीकडून आणली होती. एका बाजूला नेग्रितो नावाचे आदिवासी आणि इगोरोत यांच्या झोपड्या, दुसरीकडे मध्य बेटांवरच्या ख्रिस्ती विसायन लोकांची वस्ती, आणि अमेरिकी शिस्तीत कवायत करणारे फिलिपिनी शिपाई, अशी ती मांडणी होती. नव्या राजवटीत हे लोक कसे ‘सुधारत’ आहेत ते बघणाऱ्याला आपोआप पटावे, हा तिचा उघड हेतू होता. इंग्रजी शिकवणारी नमुन्याची शाळाही तेथे भरे. गर्दी मात्र इगोरोतांकडेच लोटली, कारण त्यांच्या अंगावर लंगोटीखेरीज फारसे काही नसे आणि त्यांच्या गावी ठरावीक प्रसंगीच होणारा कुत्रा मारून खाण्याचा विधी येथे प्रेक्षकांसाठी वारंवार होऊ लागला.

उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून आदेश आला की पुरुषांना आखूड चड्ड्या आणि नेग्रितो स्त्रियांना सदऱ्यासारखे काहीतरी घालावे. कारण केवळ सभ्यतेचे नव्हते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती, आणि असल्या लोकांवर राज्य करण्याची उठाठेव कशाला, असे विचारणाऱ्या साम्राज्यविरोधकांच्या हाती उघडी माणसे हे आयतेच कोलीत होते. मनिलाच्या सुशिक्षित वर्गालाही आपला देश या वेषाने ओळखला जाणे खटकत होते. यावर मानववंशशास्त्राचे जाणकार खवळले, कारण कपडे चढवले की वस्तीचा अस्सलपणा जातो, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांनीही सरकारच्या सोवळेपणाची भरपूर टिंगल केली. अखेर जुलैमध्ये सरकारने माघार घेतली. त्या माघारीला शास्त्राचा विजय म्हणणे धाडसाचे आहे, कारण तिकिटाची कमाई सर्वांत जास्त याच वस्तीत होत होती.

प्रदर्शन संपले, तरी प्रकार थांबला नाही. १९०५ मध्ये इगोरोतांचा एक गट न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या करमणूक बागेत आणि नंतर गावोगावी फिरवला गेला. त्यांची मजुरी दाबून ठेवल्याबद्दल त्यांच्या अमेरिकी चालकाला १९०६ मध्ये अटक झाली. तो पूर्वी इगोरोतांच्याच प्रदेशात सरकारी अधिकारी होता. १९०९ मध्ये सिएटलच्या प्रदर्शनातही इगोरोत वस्ती होतीच. १९१४ मध्ये मनिलाच्या कायदेमंडळाने अशा प्रदर्शनांविरुद्ध कायदा केला, त्यामागे डोंगरी जमातींच्या कळवळ्यापेक्षा स्वराज्य मागणाऱ्या देशाच्या प्रतिमेची काळजी अधिक होती.