भुयारी मेट्रोची लाईन जाते तेव्हा: गाडीची कोणती, बोगद्याची कोणती

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात कोणी ‘लाईन गेली’, म्हणजे वीज गेली, म्हटले, की ऐकणारा लगेच विचारतो, गावातली की वावरातली? हा प्रश्न उगाच पडत नाही. गावठाणाचा फीडर (वीज आणणारी वाहिनी) आणि शेतीचा फीडर वेगळे झाल्यापासून घरात पंखा फिरत असतो आणि त्याच वेळी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरची मोटार गप्प असते, कारण शेतीच्या फीडरला थ्री फेज, म्हणजे तीन तारांचा, पुरवठा ठरलेल्या पाळीतच मिळतो. याच्या उलटही घडते. वादळात गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, घरे दोन-दोन रात्री अंधारात काढतात आणि वावरात मात्र मोटार पाणी फेकत राहते. एकाच शब्दाने सांगितल्या जाणाऱ्या या दोन वेगळ्या घटना आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

शहरातल्या भुयारी मेट्रोची बातमी वाचताना मात्र आपण हा प्रश्न विचारायचे विसरतो. ‘वीजपुरवठा खंडित झाल्याने मेट्रो ठप्प’ असे छापून येते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळोख्या बोगद्यात अडकलेली गाडी उभी राहते. विदर्भातल्या माणसाचा तसा अनुभवही नसतो, कारण नागपूरची मेट्रो पुलावरून आणि काही ठिकाणी जमिनीवरून धावते. जमिनीखालची मेट्रो पाहायची तर पुणे, मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता गाठावे लागते. तिथेही गाडी चालवणारी वीज एक असते आणि बोगदा व स्थानक माणसांना राहण्याजोगे ठेवणारी वीज दुसरी असते. पहिली गेली तर प्रवास थांबतो. दुसरी गेली तर त्याहून गंभीर गोष्टी थांबतात, पण बातमीच्या मथळ्यात बहुतेक वेळा पहिलीच असते.

दिल्ली किंवा मुंबईच्या मेट्रोला वीज गावातल्या डीपीवरून मिळत नाही. ती थेट उच्च दाबाच्या पारेषण जाळ्यातून, मेट्रोच्या स्वतःच्या उपकेंद्रांत घेतली जाते. ही उपकेंद्रे एकाहून अधिक असतात आणि शक्यतो वेगवेगळ्या स्रोतांवर जोडलेली असतात. तिथेच दोन फाटे फुटतात. एका ट्रान्सफॉर्मरमधून २५ केव्हीची, म्हणजे २५ हजार व्होल्टची, वीज रुळांच्या वर ताणलेल्या तारेत जाते आणि गाडी ती छतावरच्या पेंटोग्राफने, म्हणजे तारेला टेकणाऱ्या सांगाड्याने, उचलते. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्हीची केबल स्थानकामागून स्थानक अशी फिरते आणि प्रत्येक स्थानकावर तिचा दाब उतरवून दिवे, सरकते जिने, पंखे, पंप आणि सिग्नल यांना पुरवठा केला जातो. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालेल्या कोलकात्याच्या मेट्रोत, म्हणजे देशातल्या पहिल्या मेट्रोत, डोक्यावर तार नसून रुळांच्या बाजूने ७५० व्होल्ट डीसीचा तिसरा रूळ धावतो. पद्धत वेगळी असली तरी गाडीची वाट आणि बोगद्याची वाट तिथेही निराळ्याच आहेत.

इथे गावाकडच्या वाचकाला एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे सिंगल फेज म्हणजे मोटार न चालण्याचे कारण असते, आणि कंडेन्सर लावून ती कशीबशी ओढण्याच्या नादात कित्येकांनी वाइंडिंग जाळून घेतले आहे. मेट्रोची २५ केव्हीची तार मात्र मुळातच सिंगल फेज असते. गाडीत बसवलेली यंत्रणा आधी त्या विजेची डीसी करते, मग तिच्यापासून थ्री फेज तयार करते आणि त्यावर चाकांच्या मोटारी फिरतात. एक लांब गाडी वेग घेताना काही हजार किलोवॅट सहज ओढते. एवढा भार स्थानकावरच्या डिझेल जनरेटरला पेलत नाही, म्हणून जनरेटर असूनही गाडी का चालवत नाहीत या प्रश्नाचे उत्तर या आकड्यातच आहे. जनरेटर ठेवलेला असतो तो दुसऱ्या विजेसाठी.

समजा, फक्त पहिली वीज गेली. कुठे तार तुटली, कुठे इन्सुलेटर फुटला आणि सर्किट ब्रेकर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. तार मुळातच वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असते, त्यामुळे बिघाडाचा तुकडा वेगळा काढून उरलेल्या भागाला शेजारच्या उपकेंद्रावरून पुरवठा देता येतो. लाईनमन खांबावरचा एबी स्विच पाडून अर्धे गाव दुसऱ्या फीडरवर घेतो, तसाच हा प्रकार. गाडी वेगात असेल तर घरंगळत पुढचे स्थानक गाठण्याचा प्रयत्न होतो, नाहीतर ती मध्येच उभी राहते. डब्यातला एसी बंद पडतो आणि काही दिवे विझतात. उरलेले दिवे व थोडी हवा बॅटरीवर चालू राहते. ही बॅटरी साधारण तासभर पुरेल अशा हिशेबाने बसवलेली असते. बाहेर बोगद्याचे दिवे नेहमीसारखे लागलेले असतात, पुढच्या स्थानकावर उजेड असतो, पंखे फिरत असतात. हा खोळंबा त्रासाचा खरा, पण तो निभावून नेता येतो.

आता दुसरी वीज गेली असे धरू. गंमत अशी की, गाडी तेव्हाही धावू शकते, निदान काही काळ. स्थानक अंधारले तर तिथे न थांबता ती पुढे काढता येते. पण जमिनीखाली उजेड ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. हवा, पाणी आणि सिग्नल या तिघांचा भार याच विजेवर असतो, आणि त्यातला सिग्नल थोडक्यात उरकता येतो: त्याला बॅटरीचा आधार असतो, आणि तोही संपला तर रचना अशी असते की सिग्नल लाल होतो व गाडी थांबते. तारेत वीज भरलेली असूनही गाडी उभी, हा प्रकार प्रवाशाला सर्वांत जास्त चक्रावतो.

हवेचे तसे नाही. वणी, बल्लारपूर किंवा सावनेर भागातल्या भूमिगत कोळसा खाणीत उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. खाणीत कोळसा वाहून नेणारा पट्टा बंद पडला तर पाळी वाया जाते. मुख्य पंखा बंद पडला तर माणसे वर आणावी लागतात. मेट्रोच्या बोगद्यात खाणीसारखा ज्वलनशील वायू नसतो, हा मोठा फरक आहे. पण उभ्या गाडीत खचाखच भरलेल्या हजारभर माणसांच्या अंगची उष्णता आणि श्वास कुठेतरी जायला हवाच, आणि कुठे आग लागली तर धूर कोणत्या दिशेला ढकलायचा हे त्या मोठ्या पंख्यांवरच ठरते. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी अझरबैजानच्या बाकू शहरात विजेच्या बिघाडातून पेटलेली गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली आणि जवळपास तीनशे माणसे गेली. त्यातल्या बहुतेकांचा जीव ज्वाळांनी न जाता धुराने गेला. तिथे वीज ‘गेली’ नव्हती, तरी भुयारात हवेची किंमत काय असते ते त्या रात्री जगाला कळले.

पाण्याचा हिशेब आपल्याला उलटा वाटेल. विहिरीवरची मोटार बंद राहिली तर हवे असलेले पाणी मिळत नाही. बोगद्यातली मोटार बंद राहिली तर नको असलेले पाणी साचते. जमिनीखालचे पाणी भिंतींतून पाझरतच असते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाऊस नसलेल्या दिवशीही सुमारे १.३ कोटी गॅलन, म्हणजे जवळपास पाच कोटी लिटर पाणी पंपाने बाहेर काढावे लागते. तिथे पंप थांबल्यावर घड्याळ चालू होते.

डब्यात बसलेला प्रवासी या दोहोंत गल्लत करतो, यात त्याचा दोष नाही. डब्यात दिवा दिसतो म्हणून त्याला वाटते वीज आहे, पण तो दिवा बॅटरीचा असतो. एसीचा आवाज थांबला आणि खिडकीबाहेर बोगद्याचे दिवे पूर्ववत असले, तर गेली ती गाडीची लाईन. बाहेरही मोजकेच आपत्कालीन दिवे उरले असतील, तर दोन्ही गेल्या असे समजावे.

दोन्ही एकदम जाण्याची वेळ येते ती ग्रिड, म्हणजे अनेक राज्यांना जोडणारे विजेचे जाळे, कोसळल्यावर. ३० जुलै २०१२ च्या पहाटे ४०० केव्हीची बिना–ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाल्यानंतर उत्तरेचे ग्रिड कोसळले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड बसली. ६० कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. दिल्लीच्या मेट्रोत गाड्या अडकल्या आणि प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पश्चिमेचे ग्रिड मात्र तगले, त्यामुळे एरवी भारनियमनाच्या वेळापत्रकावर दिवस आखणाऱ्या विदर्भाच्या खेड्यांपेक्षा त्या दुपारी देशाची राजधानी अधिक अंधारात होती. भारनियमन आणि ग्रिड कोसळणे यांतही लोक गल्लत करतात, म्हणून सांगतो: भारनियमन हे ग्रिड कोसळू नये म्हणून जाणूनबुजून केलेली कपात असते.

लंडनचा २८ ऑगस्ट २००३ चा प्रसंग मला यापेक्षाही बोलका वाटतो. संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी, घरी परतणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, दक्षिण लंडनचा पुरवठा तुटला आणि भुयारी रेल्वेचा मोठा भाग थांबला. कारण निघाले ते असे की, एका वाहिनीवर ५ अँपिअरच्या जागी १ अँपिअरचा संरक्षक रिले (भार वाढला की वाहिनी तोडणारे उपकरण) बसवलेला होता. वाहिनी पेलू शकत असलेला भार तिच्यावर आला आणि रिलेने तिला धोका समजून तोडले. आपल्याकडे याच्या नेमकी उलट चूक घडते. फ्यूज वारंवार उडू नये म्हणून डीपीवर जाड तार बांधली जाते आणि मग फ्यूजऐवजी डीपीच जळते. लंडनमध्ये पुरवठा ३७ मिनिटांत पूर्ववत झाला. त्याच्या सुमारे दहा महिने आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये, १९०५ पासून भुयारी रेल्वेला वीज देणारे तिचे लॉट्स रोड येथील स्वतःचे केंद्र बंद करून सगळा रोजचा भार राष्ट्रीय ग्रिडवर टाकला गेला होता. त्यामुळे या ३७ मिनिटांची चर्चा तिथे पुढे बराच काळ चालली.

पुरवठा परत आला की गाड्या लगेच सुटतील, हा आणखी एक गैरसमज. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हा सुमारे चार लाख प्रवासी भुयारी रेल्वेत होते. शहराची वीज १५ तारखेच्या रात्री पूर्ववत झाली, पण गाड्या सुरळीत धावू लागल्या त्या १६ तारखेच्या सकाळी. मधल्या तासांत आधी बोगद्याची वीज बघावी लागते: पंखे, मग पंपांनी उपसायचे साचलेले पाणी, मग सिग्नल. अडकलेल्या गाड्या आणि मोकळे रूळ त्यानंतर तपासले जातात.

गाडीची वीज सर्वांत शेवटी सोडतात, आणि त्याचे कारण आपल्या लाईनमनला चांगले माहीत आहे. लाईन बंद आहे म्हणून कोणी तारेला हात लावत नाही; आधी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घेतात, तार अर्थ करतात (जमिनीशी जोडतात), मगच खांबावर चढतात, कारण गेलेली लाईन न सांगता परत येते. प्रवाशांना रुळांवर उतरवण्यापूर्वी मेट्रोतही तार किंवा तिसरा रूळ निर्जीव केल्याची खात्री करावी लागते, मग सगळे शहर अंधारात असले तरी. आणि तो पुन्हा जिवंत करताना बोगद्यात कोणी उरलेले नाही आणि दिलेले प्रत्येक परमिट परत आले आहे, याची नोंद नियंत्रण कक्षात झाल्याशिवाय ब्रेकर लावला जात नाही.