जुन्या मॉरिसची विंटेज नोंदणी: पाना उचलण्याआधी कागद

मॉरिस मायनर, हिलमन मिंक्स, ऑस्टिन ए40, स्टँडर्ड हेरल्ड. यांपैकी एखादी गाडी आजोबांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वीस-पंचवीस वर्षं उभी असते आणि एक दिवस घरातलं कुणीतरी ठरवतं की हिला पुन्हा रस्त्यावर आणायचं. पुढच्याच रविवारी डेंटर येतो, पत्रा ठोकून बघतो आणि गाडी खोलायला सुरुवात होते. कागद नंतर बघू, असं सगळेच म्हणतात. 1951 च्या चार दारी मायनरच्या बाबतीत मीही तेच म्हटलं होतं. बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, घासताना चॅसिस नंबरच्या पट्टीवरचे दोन आकडे पुसट झाले. ते आकडे तेच होते हे पटवून देण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. म्हणून ही माहिती कामाच्या ज्या क्रमाने लागते त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी कायदा थोडक्यात. जुन्या गाड्यांसाठी देशभर लागू होईल अशी वेगळी नोंदणी फार उशिरा आली. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत दुरुस्ती झाली आणि 81अ ते 81ग हे नवे नियम घातले गेले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतं, परदेशातून आणलेलं असलं तरी. मोजणी कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यापासून नाही, पहिल्या नोंदणीपासून करायची. त्यामुळे मद्रासला बनलेल्या हेरल्ड आता बसतात, पण त्याच कंपनीची 1985 मधली स्टँडर्ड 2000 कितीही देखणी असली तरी अजून बसत नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे आणि हौशी माणूस नेमका तिथेच अडकतो. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे गंजलेला पत्रा कापून त्याच आकाराचा नवा लावणं ही दुरुस्ती झाली. मागचे दरवाजे काढून गाडी दोन दारी करणं, छत कापून उघडी करणं, बोनेटखाली भलतंच इंजिन बसवणं हा बदल झाला.

मायनरच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं, कारण या गाडीला वेगळी चॅसिस नाहीच. डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी 1948 साली बाजारात आलेली ही गाडी एकसंध सांगाड्याची बनवली. फरशी, दारांखालची सिल, आडवा क्रॉस मेंबर, मागच्या स्प्रिंगांचे हँगर हे सगळं मिळूनच तिचा कणा होतो. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या हवेत, गंज लागतो तोही नेमका याच जागांना. तिथे पत्रा मारावाच लागतो आणि मारावा. मात्र प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा: कापण्याआधी, कापल्यावर, नवा पत्रा बसवल्यावर. जुना तुकडाही लगेच भंगारात देऊ नका. हेरल्डचं उलट आहे. तिला स्वतंत्र चॅसिस आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसते. त्यामुळे एका गाडीची चॅसिस आणि दुसरीची बॉडी असा जोड लावायचा मोह होतो. तो टाळा.

इंजिनाचं दुखणं आपल्याकडे जुनं आहे. साठ-सत्तरच्या दशकात सुटे भाग मिळेनात, तेव्हा कित्येक इंग्रजी गाड्यांत फियाट 1100 चं इंजिन बसवलं गेलं. त्या काळी ती गरज होती, त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण तुमच्या गाडीत आज कोणतं इंजिन आहे आणि आरसी बुकात कोणता इंजिन नंबर आहे, हे पहिल्याच दिवशी ताडून बघा. बुकात मूळ नंबर असेल आणि गाडीत दुसरं इंजिन, तर मूळ जातीचं इंजिन शोधण्यावर पैसे घाला. माझ्या मायनरचं 918 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन मला शेडच्या मागे पोत्याखाली सापडलं, बिडाच्या ब्लॉकवरच्या पट्टीसकट. ते बोअरिंग करून चालू करायला वेळ लागला, पण त्या पट्टीने कागदांचा निम्मा भार उचलला.

आता कागद. गाडीची स्थिती चारपैकी एक असते.

आरसी तुमच्या नावावर आहे आणि मुदतही चालू आहे, तर तुम्ही भाग्यवान. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर 5 वर्षांनी फॉर्म 25 वर नूतनीकरण होतं. ते चुकलं असेल, तर थकलेला कर आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर किती निघतो हे आधी आरटीओत विचारून घ्या.

आरसी दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे, ही सगळ्यात जास्त आढळणारी स्थिती. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 भरायचा असतो. बहुतेक घरांत हे झालेलं नसतं. उशीर झाला तरी रस्ता तोच आहे: फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. काका-आत्यांच्या सह्या गाडी चकचकीत होण्याआधी घ्या. गंजलेल्या गाडीवर कुणी हक्क सांगत नाही. रंग लागल्यावर मात्र सगळ्यांना तिच्यातल्या सहली आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे.

गाडी विकत घेतली असेल, तर विकणाऱ्याचा फॉर्म 29 आणि दोघांचा फॉर्म 30 लागतो. दुसऱ्या राज्यातून आणली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. नुसत्या कोऱ्या फॉर्मवरच्या सहीवर विसंबू नका. विकणारा आरसीवरचा मालकच आहे का, हे ओळखपत्राशी जुळवा.

आरसीच हरवली असेल, तर फॉर्म 26 आणि पोलिसांकडची गहाळ झाल्याची नोंद. त्याआधी मूळ आरटीओतून गाडीचे पार्टिक्युलर्स, म्हणजे नोंदणीच्या तपशिलाचा उतारा, काढा. बीएमएक्ससारख्या तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या गाड्या संगणक येण्याआधीच्या आहेत, त्यांच्या नोंदी हाती लिहिलेल्या रजिस्टरांत असतात. एमएच 01, एमएच 12 अशी आजची पद्धत 1989 नंतरची. त्यामुळे पोर्टलवर नंबर टाकला आणि काही दिसलं नाही, तर घाबरून जाऊ नका. गाडी रेकॉर्डवर नाही असा त्याचा अर्थ होत नाही, ती संगणकात चढवलेली नाही इतकाच होतो. रजिस्टरातली नोंद सापडली की ‘बॅकलॉग एंट्री’साठी, म्हणजे ती संगणकात चढवण्यासाठी, लेखी अर्ज द्यायचा. पान सापडत नाही असं तोंडी उत्तर मिळालं, तर माहितीच्या अधिकारात मागणी करा. मग उत्तर लेखी मिळतं आणि पुढच्या अर्जाला तेच जोडता येतं. एक गोष्ट मात्र नक्की तपासा: मधल्या काळात कुणी नोंदणी रद्द करून घेतलेली नाही ना. तसं निघालं तर खर्च तिथेच थांबवा आणि आधी तज्ज्ञाचा सल्ला घ्या.

कागद जुळले की ठसे. बल्कहेडवरची पट्टी आणि ब्लॉकवरची पट्टी हलक्या हाताने, नुसत्या रॉकेलच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. वर कागद धरून पेन्सिल प्रिंट घ्या, तारखेसह फोटो काढा. ग्राइंडर त्यानंतर. पट्टीचे रिव्हेट काढायचेच असतील, तर पट्टी डेंटरच्या ताब्यात न देता घरी कपाटात ठेवा.

इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिस, ऑस्टिन अशा कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. तुमच्या गाडीची नोंद उपलब्ध असेल तर ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात बांधणीची तारीख, इंजिन नंबर, मूळ रंग असा तपशील येतो. हे आरसीला पर्याय नाही, मालकी त्याने सिद्ध होत नाही. पण गाडी मूळ रूपात आहे हे दाखवायला आणि कोणता रंग द्यायचा हे ठरवायला त्याच्याइतका चांगला आधार नाही. रंग ठरवताना आरसीवरचा रंगही बघा. दोन्ही वेगळे निघाले, तर रंगबदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागेल.

प्रत्यक्ष अर्ज हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. तो परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत विम्याची पॉलिसी, आधी भारतात नोंदलेली गाडी असेल तर जुनी आरसी, परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा दस्तऐवज, आणि फी. नव्या विंटेज नोंदणीची फी 20,000 रुपये आहे, पुढच्या पुनर्नोंदणीची 5,000. पॉलिसीवरचा चॅसिस आणि इंजिन नंबर एकेक अक्षर आरसीशी जुळवा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल जुन्या इंग्रजी गाड्यांत सर्रास होते.

विंटेज अर्जांसाठी राज्याने नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि गाडी तपासायला समिती. गाडी विंटेज म्हणून नोंदवण्याजोगी आहे की नाही हे ही समिती ठरवते. नियमाप्रमाणे आरसी फॉर्म 23अ मध्ये 60 दिवसांत द्यायची असते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो आणि माझ्या मते तो ठेवावाच. बीएमएक्सची पाटी हा त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरांची मालिका आणि 0001 ते 9999 मधला आकडा असा नंबर मिळतो.

तपासणीला गाडी पूर्ण जोडलेली न्या. ‘सीट कव्हर राहिलंय, पुढच्या आठवड्यात बसेल’ अशा स्थितीत तारीख घेऊ नका. मायनर असेल तर पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक वळतं तो खालचा आट्यांचा सांधा, आधी बघून घ्या. त्यांना वेळेवर ग्रीस मिळालं नसेल तर आटे झिजतात आणि चाक खालून निसटून आत बसतं. पेट्रोलच्या नळ्याही बदला. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि पाझरतं. नवी नळी घेताना इथेनॉल सोसणारी मागा. आणि बॅटरी जोडणाऱ्याला बजावून सांगा की या गाडीत अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायचं असतं. सवयीने निगेटिव्ह अर्थला जोडली की डायनॅमो आणि मीटरची वाट लागते.

अर्ज करण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला नीट विचारा: गाडी चालवायची कशासाठी? विंटेज नोंदणीच्या गाडीला नियमित वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणं, देखभाल आणि अशा कार्यक्रमांना जाणं-येणं, एवढीच मोकळीक आहे. लग्नाच्या वरातीला किंवा चित्रीकरणाला भाड्याने देणं यात बसत नाही. सकाळी पाचला निघून महाबळेश्वरला नाश्ता करून येणं, हेही त्या यादीत नाही. ज्याला दर रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं आहे आणि ज्याची साधी नोंदणी जिवंत आहे, त्याने ती नोंदणी फॉर्म 25 वर चालू ठेवण्याचा विचार आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी मुख्यतः रॅलीला आणि प्रदर्शनाला न्यायची असेल, तर विंटेज नोंदणीच योग्य. मी आमच्या मायनरसाठी तीच घेतली, कारण बहात्तर वर्षांच्या पत्र्याला घाटात रोज दमवायचं नाही हे घरात आधीच ठरलं होतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच की तिथली रेघ वेगळी आहे. तिथे 40 वर्षांहून जुनी गाडी ‘हिस्टॉरिक’ वर्गात करमाफीला पात्र ठरते आणि गेल्या 30 वर्षांत मोठे बदल झालेले नसतील तर एमओटी या गाडीच्या वार्षिक सुरक्षा चाचणीतूनही सूट मिळते. रविवारच्या फेरफटक्याला तिथे आडकाठी नाही. मात्र तीच गाडी भारतात आणली की इथला 50 वर्षांचा नियम लागतो, आणि कस्टमची कागदपत्रंही लागतात.

विंटेज गाडी पुढे विकता येते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं. विकताना आरसीबरोबर पेन्सिल प्रिंट, पत्र्याच्या कामाचे फोटो आणि हेरिटेज सर्टिफिकेट यांची फाइलही नव्या मालकाच्या हाती द्या. पुढच्या पुनर्नोंदणीला त्याला तीच लागेल.